पावसाळा काढलेली गिटार

कारखान्यात गेलं की आधी पापड बघायचा. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला एका खिळ्याला दोरा बांधून एक उडदाचा पापड लटकवलेला असायचा. काका त्याला टिचकी मारायचे. कडक वाजला तर म्हणायचे, "डिंक काढा." मऊ पडून वाकला असेल तर म्हणायचे, "आज फक्त घासायचं." मग काम कितीही अडलेलं असो, दिवसभर डिंकाच्या डब्याला कोणी हात लावायचा नाही.

येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून टांगलाय. एका बाईनं तर लिंबू-मिरची का नाही लावली म्हणून विचारलं होतं. काका म्हणाले, "लिंबू मुळातच ओलं. त्याला हवेतलं काय कळणार?" बाई मान डोलवून निघून गेली.

हवेतली ओल मोजायचं यंत्र भिंतीवर होतं. पण काका म्हणायचे, ते परदेशात बनलंय, त्यानं जव्हारचा पाऊस बघितलेला नाही. त्यावर आमचे सुतारमामा रंधा थांबवून म्हणायचे, "आन् पापड तरी कुठं जव्हारचा हाय? तो हिच्या उदगीरचा."

"म्हणूनच तर," काका म्हणायचे. "इथला पापड इथल्या ओलीला सरावलेला असतो. तो काही बोलणार नाही."

पापड माझ्या आईच्या हातचे होते. मी उदगीरकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. अक्काला बाळ झालं तेव्हा तिच्या मदतीला म्हणून मला जव्हारला धाडलं. भाऊजी इथं आश्रमशाळेवर शिक्षक. बाळ रांगायला लागलं, माझं काम कमी झालं आणि घरून फोन यायला लागले की आता परत ये, एक स्थळ बघून ठेवलंय. मला ते नको होतं. नको म्हणायला हातात काहीतरी पाहिजे, म्हणून भाऊजींनी मला गिटारी बनवणाऱ्या या काकांकडं नेलं. त्यांना लाकडाला पॉलिश करायला माणूस हवा होता.

शाळा का सोडली, याचं उत्तर मी वाटेत तीनदा पाठ केलं होतं. काकांनी ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "तुला कंटाळा किती येतो?"

मी म्हणाले, "येत नाही."

"भीती?"

"ती येते."

"मग ये उद्यापासून," ते म्हणाले. "न भिणारी माणसं पॉलिश जाड लावतात."

मला ते कळलं नाही. पण घरी येऊन मी अक्काच्या गळ्यात पडले. त्यानंतर कितीतरी महिने रोज सकाळी कारखान्याचं दार ढकलताना मला वाटायचं, आज हे म्हणतील, उद्यापासून नको येऊस.

कारखाना म्हणजे काय, एसटी डेपोच्या मागं एक जुनं भाताचं गोदाम. त्यात काका, मामा आणि मी. काका आधी ठाण्याला पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत होते. कुठला पंखा कुठल्या गावात कोणाला विकायचा हे ठरवायचं त्यांचं काम. "मी जन्मभर धोरणं लिहिली," ते सांगायचे, "आणि कंपनीनं जन्मभर ती कपाटात ठेवली." नोकरी संपल्यावर त्यांनी लहानपणापासून मनात असलेली गिटार करायला घेतली, आणि धोरणाची सवय काही गेली नाही.

दर सोमवारी आमची मीटिंग व्हायची. रंगाचे रिकामे डबे पालथे घालून आम्ही तिघं बसायचो. काका विचारायचे, "आपण काय काय करत नाही?" त्याचं उत्तर द्यायचं. मामा म्हणायचे, "आपण जेवाय येळंवर जात नाय." काका ते गंभीरपणे ऐकून घ्यायचे. मला मात्र घाम फुटायचा. एकदा मी कशीबशी म्हणाले, "आपण खुर्च्या करत नाही." गावात सगळे सुतार खुर्च्याच करतात, म्हणून सुचलं. काका एकदम उठून उभे राहिले. म्हणाले, "बरोबर. कारण खुर्ची कोणालाही लागते. कोणालाही लागणारी वस्तू करणाऱ्याला गिऱ्हाईक ओळखायची गरजच पडत नाही."

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की ते वर्षभराचं ठरवायचे, यंदा कुठल्या गिऱ्हाइकाला विकायचं नाही. एका वर्षी लग्नात भेट म्हणून देणाऱ्यांना नाही. एका वर्षी रंग आधी विचारणाऱ्यांना नाही. प्रकल्प कार्यालयातले एक साहेब मुलासाठी गिटार न्यायला आले होते. काकांनी विचारलं, "वाजवायची कधी आहे?"

"शनिवारी. गॅदरिंग आहे शाळेचं."

"मग भाड्यानं आणा," काका म्हणाले आणि मला चहा सांगितला.

साहेब चहा न घेता गेले. मामा बराच वेळ हसत होते. मला हसू येईना. मला अक्काच्या घरातली माझी बॅग दिसत होती.

मी एकदा धीर करून विचारलं होतं की गिटारीचा कारखाना जव्हारला कशाला. इथं कोण घेणार? ते म्हणाले, "कोणी घेणार नाही म्हणूनच. दुकान गिऱ्हाईकाजवळ असावं. कारखाना पावसाजवळ."

तेही मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते शिरपामाळावर. रविवारी काका तिथं जाऊन बसायचे, कधी मला आणि अक्कालाही न्यायचे. शिवाजी महाराज थांबले होते ती जागा म्हणून माणसं येतात, गाड्या घेऊन शहरातली पोरं येतात, त्यांच्यात एखादी गिटार असतेच. काका सरळ त्यांच्या सतरंजीवर जाऊन बसायचे. पोरांना वाटायचं, म्हातारा आता गाणं म्हणणार. काका विचारायचे, "जुलैमध्ये हिचं काय होतं?"

एक पोरगा म्हणाला, "काका, जुलैत कपाटात. पेटीत तांदळाची पुरचुंडी टाकतो."

दुसरा म्हणाला, "माझीची घोडीच उचकटली. परत चिकटवली, परत निघाली."

त्या दिवशी परतताना काका जीपमध्ये स्वतःशीच बोलत होते. मग मागं वळून अक्काला म्हणाले, "म्हणजे बघा, चार महिने लोकांची गिटार बंद असते. इतकं मोठं गिऱ्हाईक उघड्यावर बसलंय आणि कोणी त्याच्याकडं बघत नाही." अक्का म्हणाली, "हो ना." घरी आल्यावर मला म्हणाली, "तुझे काका कशाविषयी बोलत होते गं?"

मी तिला समजावलं, आणि समजावताना मलाच नीट समजलं. गिटारीच्या तारा ताणलेल्या असतात. त्या रात्रंदिवस घोडीला, म्हणजे त्या खाली जिच्यात अडकवतात त्या पट्टीला, ओढत असतात, आणि घोडी चिकटवलेली असते वरच्या पातळ फळीला. कोरड्या हवेत फळी हे ओढणं सहन करते. ओल धरली की ती फुगते, डिंक सुटतो, घोडी उपटून येते. काका फळीला शिवणीच्या झाडाचं लाकूड वापरत आणि आतून आधाराच्या पट्ट्या त्यांच्या पद्धतीनं लावत. त्यांचं म्हणणं, आपली टिकते. पण म्हणून काय उपयोग? दाखवायला पाहिजे.

म्हणून त्यांनी ठरवलं, आपण नवी गिटार विकायचीच नाही. पावसाळा काढलेली विकायची.

जव्हारपेक्षा सूर्यमाळ उंच. तिथं पाऊस नुसता पडत नाही, ढग घरात येऊन बसतात. मामांची बहीण तिकडच्या एका पाड्यावर दिलेली. तिच्या ओळखीनं काकांनी घरं धरली. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकेका घरी एकेक गिटार ठेवायची, भात कापून झाल्यावर आणि माणसं भिवंडी-वसईला कामाला जायच्या आधी परत आणायची. सांभाळल्याबद्दल घराला काहीतरी आधीच द्यायचं. गिटार टिकली तर तिच्या पोटात चिठ्ठी चिकटवायची: सूर्यमाळ, एक पावसाळा. तुटली तर तुटली.

ठाण्याच्या एका दुकानदाराला ही कल्पना भलतीच आवडली. चांगला माणूस होता, स्वतः वाजवायचा. म्हणाला, "काका, जेवढ्या टिकतील तेवढ्या सगळ्या माझ्या. फक्त ती चिठ्ठी पाहिजे." त्या शब्दावर काकांनी लाकूड भरलं, मामांना कायमचं ठेवून घेतलं आणि मला म्हणाले, घरी कळव, दिवाळीनंतरही इथंच आहेस. मी आईला फोन केला तेव्हा माझा आवाज इतका मोठा झाला की भाऊजी बाहेर आले.

भात कापलं, तसे आम्ही तिघं जीप घेऊन गिटारी गोळा करायला गेलो. सगळ्या फुटलेल्या निघाल्या तर?

पहिल्या घरच्या आजीनं गिटार आणली ती घोंगडीत गुंडाळून. काकांनी ती उलगडली, उजेडाकडं धरली, फळीवरून डोळा फिरवला. फळी सपाट. घोडी जिथल्या तिथं. मान सरळ. मामांनी मला कोपरानं ढोसलं. मग काकांनी तारांवर बोट फिरवलं आणि तारा नुसत्या लोंबल्या. आवाजच आला नाही.

"आजी, या तारा?"

"सोडल्या मी," आजी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. "पावसापान्याचं त्याला ताणून कशाला ठेवायचं? आमचा ढोल पन आमी सैल करून ठेवतू. भात कापलं, नवं खाल्लं, मंग ताणायचा. त्याला पन इसावा नको का?"

आजी पुढं सांगत होती, "त्या खालच्या घरच्या पोरीला कळत नव्हतं. तिची ताणलेलीच होती. मी जाऊन सोडून आली. वरच्या पाड्यावरपन सांगून धाडलं. तुमी जपून ठेवा सांगितलेलं ना?"

ते काकांनीच सांगितलं होतं. प्रत्येक दारात जाऊन, हात जोडून, जपून ठेवा. कशासाठी ठेवतोय ते कोणालाच सांगितलं नव्हतं. लोकांना वाटेल हा माणूस आपल्या हातानं वस्तू मोडायला देतोय, हसतील, म्हणून.

"बरं केलंत, आजी," काका म्हणाले. आम्ही तिच्या घरचा कोरा चहा घेतला आणि पुढच्या घरी गेलो. तिथंही लोंबत्या तारा. सगळ्या घरी तेच. सगळ्या पाड्यानं मिळून आमच्या गिटारींना चार महिने विश्रांती दिली होती.

जीपमध्ये मामाच पहिले बोलले. "यात इतकं तोंड पाडायचं काय? पावसात होत्याच ना. पाऊस तं लागला."

"पावसात झोपल्या होत्या," काका म्हणाले.

"झोपल्या का जाग्या होत्या ते कोन बघाय जातंय? ताणा तारा, चिकटवा चिठ्ठी. शेठ उद्या येतोय."

मागं मांडीवर गिटार धरून बसलेली मी मनातल्या मनात देवाला सांगत होते की मामांचं ऐकू दे. खोटं कशाला लिहू, मला तेव्हा तेवढंच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याचा दुकानदार आला. गिटारी ओळीनं मांडलेल्या, तारा लावलेल्या. त्यानं एक उचलून वाजवली, दुसरी वाजवली आणि खूश होऊन म्हणाला, "काका, चिठ्ठ्या कुठायत?"

काकांनी त्याला सगळं सांगितलं. ढोलाचंही सांगितलं. दुकानदार आधी खूप हसला, मग म्हणाला, "अहो पण गिटारी फर्स्ट क्लास आहेत. गिऱ्हाईक काय सूर्यमाळला विचारायला जाणार आहे?"

"नाही जाणार. तो जुलैमध्ये खिडकी उघडी टाकून वाजवत बसणार. माझ्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून."

"बरं, चिठ्ठीशिवाय द्या मग."

"घेऊन जा ना."

दुकानदारानं डोकं खाजवलं. "चिठ्ठीशिवाय ही कुठली तरी गिटार आहे, काका. तुमचं नाव कोणाला माहीत नाही. मी दोन नेतो, ओळखीत खपवतो. बाकीचं नाही जमणार." आणि खरंच दोन घेऊन गेला. रागावला नाही. जाताना म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." असं म्हणणारी माणसं पुन्हा येत नाहीत, हे मला माहीत होतं.

तो गेल्यावर मामा अंगणात जाऊन विडी ओढत बसले. मी पॉलिशची चिंधी घेतली आणि झालेल्याच फळीवर परत फिरवायला लागले. काका जवळ आले.

"मामा काही दिवस गावात खुर्च्या करतील, मी बोललोय त्यांच्याशी," ते म्हणाले. मी मान खाली घातली आणि पुढचं ऐकायची तयारी केली. ते म्हणाले, "तू तार लावायला शिक."

त्यांनी मला एक चिमट्यासारखं छोटं यंत्र दिलं. गिटारीच्या डोक्याला लावायचं, तार छेडायची, हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी पिळायची. हिवाळाभर मी तेवढंच करत होते. एक तार तुटून गालावर बसली तेव्हा काका म्हणाले, "आता भीती गेली असेल." गेली नव्हती. पुढच्या पावसाच्या आधी उरलेल्या गिटारी त्याच घरांत ठेवल्या, आणि या वेळी काकांनी प्रत्येक घरी बसून सांगितलं की मला हिला त्रास द्यायचाय. आजीला हे मुळीच पटलं नाही. "मंग आमच्याकडं कशाला आनली?" ती म्हणाली. "त्रास द्याय तुमचं घर नव्हतं?" पण तिनं ठेवून घेतली.

दर आठवड्याला मी एसटीनं जायची आणि पाड्यापाड्यांतून फिरून तारा परत ताणायची. ओहोळाला पाणी आलं की अलीकडं थांबून रडायची, मग कोणीतरी यायचं आणि हाताला धरून पलीकडं न्यायचं. आजीला माझं बोलणं कळायचं नाही, मला तिचं अर्धं कळायचं. मी आमच्या उदगीरकडच्यासारखं 'काय करालाव आजी' म्हटलं की ती घरातल्या सगळ्यांना बोलावून मला ते परत म्हणायला लावायची. मी खुंटी पिळायला लागले की मात्र तोंड फिरवून बसायची. म्हणायची, "बिचारी. तुला कोन असं ताणल ना, मंग कळल." मी मनात म्हणायची, मला कळतंय की.

आणि त्या पावसात गिटारी मोडल्या. कुठं फळीला पोट आलं, कुठं चीर गेली. आजीकडची घोडी श्रावणात तारांसकट उपटून आली. मी गेले तेव्हा आजीनं गिटार कणगीमागं लपवून ठेवली होती. तिला वाटलं, तिच्यावर आळ येणार. मी काकांना फोन लावून तिच्या कानाला दिला. काका काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आजी फोन परत देताना म्हणाली, "येडा हाय. मोडली तं आभार मानतंय."

काकांनी ती मोडकी फळी महिनाभर समोर ठेवली होती. आतल्या पट्ट्या कुठं कमी पडल्या ते त्यांना तेव्हा दिसलं. आधीच्या वर्षी चिठ्ठ्या लावून विकल्या असत्या तर ठाण्या-मुंबईतल्या घरांतून किती घोड्या उपटल्या असत्या, हे मामांनीच एकदा मोठ्यानं बोलून दाखवलं आणि मग दिवसभर कोणाकडं बघितलं नाही.

भात कापल्यावर निम्म्याहून कमी गिटारी धड परत आल्या. काकांनी दुकानदाराला फोन केला. मला वाटलं होतं तो येणार नाही. आला.

त्यानं आधी रांग बघितली. "एवढ्याच?"

"एवढ्याच."

"या वेळी जाग्या होत्या ना?" तो हसत म्हणाला.

"मला काय विचारता," काका म्हणाले. "मी इथं होतो. तिला विचारा. पावसात ती होती त्यांच्याबरोबर."

दुकानदार माझ्याकडं वळला. माझ्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि डिंकाची वाटी होती. आजवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. शाळेतसुद्धा मी मागच्या बाकावर, कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसायची. मामा माझ्याकडं बघत होते. मामांना परत रोजचं काम हवं होतं. मला इथं राहायला हवं होतं. रांगेतल्या सगळ्या गेल्या असत्या तर दोघांचंही भागलं असतं.

"काय ताई," दुकानदार म्हणाला, "देऊ ना मी माझ्या गिऱ्हाइकाला शब्द?"

"द्या," मी म्हणाले. "पण ती शिसवाच्या पाठीची आहे ना, शेवटून दुसरी, ती नका नेऊ. ती आता चांगली वाजते. पण भादव्यात दोन आठवडे भणभणत होती. मग आपोआप थांबली. का थांबली ते मला माहीत नाही."

ती रांगेतली सगळ्यात देखणी होती. दुकानदारानं तीच आधी हातात घेतली होती.

काका पुढं आले, त्यांनी ती गिटार त्याच्या हातातून काढून घेतली आणि मागच्या मांडणीवर नेऊन ठेवली. माझ्याकडं बघितलंही नाही. परत येऊन दुकानदाराला म्हणाले, "बाकीच्या मोजून घ्या. चिठ्ठ्या ती लावेल."